नमुन्याची आठ पाने

प्रिय ताई,

मी बत्तीस वर्षांची असून मिरजेला राहते. शाळेत सहा वर्षे इंग्रजी शिकवल्यानंतर मुलाच्या जन्मामुळे नोकरी सोडली आणि आता घरून इंग्रजी-मराठी अनुवादाची कामे शोधते आहे. एका एजन्सीने ‘सॅम्पल’ म्हणून मधुमेहावरील पुस्तिकेची आठ पाने, म्हणजे सुमारे 2,400 शब्द, दोन दिवसांत करून मागितली. मी रात्री जागून ती दिली आणि त्यानंतर उत्तरच आले नाही. गेल्या आठवड्यात एका दवाखान्यात तीच पुस्तिका हाती पडली. त्यात माझी वाक्ये जशीच्या तशी छापलेली होती. दरम्यान व्हॉट्सॲपवरून पीडीएफ टायपिंगचे काम चालून आले आहे. महिन्याला 24,000 रुपये मिळतील, पण आधी 2,500 रुपये ‘परत मिळणारी अनामत’ भरायची आहे. मी फॉर्म भरून आधार कार्डाचा फोटो पाठवला आहे. पैसे अजून दिलेले नाहीत, पण महिनाअखेरची मुदत आहे. पुण्याच्या एका प्रकाशन संस्थेनेही 250 शब्दांची चाचणी पाठवली आहे. ती करावी की नाही, हेही आता कळेनासे झाले आहे. माझे पती म्हणतात, घरबसल्या पैसे देतो म्हणणारे सगळे चोरच असतात. पण मी नवीन आहे, तर सुरुवातीला थोडे फुकट करावेच लागेल ना?

— एक अनुवादिका

प्रिय अनुवादिका,

टायपिंगच्या कामाचे आधी लिहिते, कारण त्याला मुदत आहे. ते 2,500 रुपये देऊ नका आणि का देत नाही याचा खुलासाही फोनवर करत बसू नका. अनामत, नोंदणी शुल्क, प्रशिक्षणाचा खर्च, सॉफ्टवेअरचे पैसे अशी नावे बदलत राहतात. पण काम करणाऱ्याकडूनच जिथे आधी पैसे मागितले जातात, तिथे बहुधा कामच नसते आणि तुमची अनामत हेच समोरच्याचे उत्पन्न असते. तुम्ही आधार कार्ड पाठवून बसला आहात, त्यामुळे या प्रकारात पुढे काय घडते तेही तुम्हाला ठाऊक असलेले बरे. वाचता येणार नाहीत अशी अंधुक पाने पाठवली जातात, शेकडो पानांसाठी पाच-सहा दिवसांची मुदत असते, नव्वद टक्क्यांहून अधिक अचूकतेची अट असते आणि तपासणारेही तेच असल्यामुळे तुमचे काम नापास होणार हे आधीच ठरलेले असते. मग ‘कंपनीचे वकील’ फोन करतात, करार मोडल्याबद्दल हजारो रुपयांची भरपाई मागतात आणि शिक्का मारलेली ‘कोर्टाची नोटीस’ व्हॉट्सॲपवर धाडतात. शेजाऱ्यापाजाऱ्यांसमोर दारात पोलीस येतील या धास्तीने कितीतरी गृहिणी आणि विद्यार्थी घरात कोणाला न सांगता ती रक्कम भरून टाकतात.

असा फोन आला, तर दोन गोष्टी लक्षात असू द्या. वकिलाची नोटीस म्हणजे न्यायालयाचा आदेश नव्हे, आणि टायपिंगमध्ये चुका झाल्या म्हणून पोलीस कोणाला उचलून नेत नाहीत. फार तर दिवाणी दावा होऊ शकतो, आणि त्यातही भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 74 नुसार करारात दंडाचा कोणताही आकडा लिहिलेला असला, तरी न्यायालय त्या आकड्याच्या मर्यादेत राहून वाजवी तेवढीच भरपाई देते. खरोखर दाखल झालेल्या दाव्याला 16 अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक असतो आणि ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर तो कोणालाही तपासता येतो. तोच क्रमांक शांतपणे मागा. अशा ‘वकिलांना’ तो देता येत नाही. संदेश पुसून टाकू नका, त्यांचे स्क्रीनशॉट ठेवा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. कधी प्रत्यक्ष पैसे गेलेच, तर मात्र एका मिनिटाचाही संकोच न करता 1930 या क्रमांकावर फोन करावा, कारण रक्कम दुसऱ्या-तिसऱ्या खात्यात वळती होण्याआधीच ती गोठवता येण्याची शक्यता असते. आधारच्या अधिकृत ॲपमधून तुमचे बायोमेट्रिक कुलूपबंद करून ठेवा आणि यापुढे कोणी मागितलेच, तर पहिले आठ अंक झाकलेले ‘मास्क्ड आधार’ द्या. अनुवादाचा मोबदला देणाऱ्याला तुमचा पॅन आणि बँक खात्याचा तपशील लागतो. कामाआधीच आधारचा फोटो मागण्याचे त्याला काही कारण नसते.

आता त्या आठ पानांविषयी. तुम्ही पत्रासोबत जोडलेली मूळ फाइल मी उघडून पाहिली, आणि खरे सांगायचे तर ती फाइलच सगळे बोलते आहे. पानांच्या तळाशी 33 ते 40 असे आकडे आहेत. पहिली ओळ इन्सुलिनच्या सुईविषयीच्या वाक्याच्या मध्यापासून सुरू होते आणि शेवटचे पान पायांच्या काळजीच्या तक्त्याच्या तिसऱ्या रांगेत तुटते. ज्याला तुमची भाषा तपासायची आहे तो सुरुवात आणि शेवट असलेला एखादा परिच्छेद निवडेल. अर्ध्या वाक्यापासून अर्ध्या तक्त्यापर्यंतचा तुकडा देणाऱ्याला पुस्तिका वाटून संपवायची असते. पान 25 ते 32 दुसऱ्या कोणी उमेदवाराने आणि 41 पासून पुढची तिसऱ्याने ‘सॅम्पल’ म्हणूनच केली असतील, असा माझा अंदाज आहे. अनुवादाच्या व्यवसायात ही युक्ती जुनी आहे. छापील पुस्तिकेत एकाच गोष्टीला कुठे ‘रक्तशर्करा’, कुठे ‘रक्तातील साखर’ आणि कुठे ‘ब्लड शुगर’ म्हटले असेल, तर ती किती हातांनी झाली हे तुम्हालाच दिसेल.

मात्र तुम्ही समजता तितक्या तुम्ही हतबल नाही. प्रताधिकार कायदा, 1957 नुसार लेखनाचा पहिला हक्क ते करणाऱ्याचा असतो. नोकरीचा भाग म्हणून केलेले लेखन हा त्याला मोठा अपवाद आहे, पण तुम्ही त्या एजन्सीच्या नोकरीत नव्हता. हा हक्क दुसऱ्याच्या नावे करायचा, तर कलम 19 प्रमाणे तुमच्या सहीचा लेखी कागद लागतो, आणि तुम्ही लिहिता त्यावरून असा कोणताही कागद तुम्ही दिलेला दिसत नाही. मूळ इंग्रजी मजकुराचे हक्क ज्यांचे असतील त्यांचे असोत. त्या आठ पानांमधली मराठी वाक्ये तुमची आहेत.

म्हणून तुम्ही त्या एजन्सीला बिल पाठवा, हा माझा सल्ला आहे. त्यात रागाचा एकही शब्द नको. अमुक तारखेच्या ईमेलने आपण पाठवलेल्या पान 33 ते 40 चा अनुवाद मी अमुक तारखेला दिला, तो आपण छापून वापरल्याचे दिसते, सबब 2,400 शब्दांचे अमुक दराने देयक सोबत जोडले असून ते 15 दिवसांत द्यावे. एवढेच लिहा आणि छापील पानांची छायाचित्रे जोडा. उत्तर आले नाही, तर ज्या संस्थेने ती पुस्तिका काढली आहे तिला तितक्याच सौम्य भाषेत कळवा. तिने एजन्सीला पूर्ण पैसे मोजले असण्याची आणि आपली पुस्तिका अशी फुकट करवून घेतली गेली हे तिच्या गावीही नसण्याची दाट शक्यता आहे. अशा एजन्सीला कायद्यापेक्षा आपल्या ग्राहकाची भीती अधिक वाटते, असे मला नेहमी दिसत आले आहे. फेसबुकवर नाव घेऊन लिहिण्याचा मोह मात्र आवरा. सिद्ध करता येणार नाही असा एखादा शब्द रागाच्या भरात गेला, तर अब्रुनुकसानीचे लचांड उलट तुमच्याच मागे लागेल. पैसे मिळतीलच अशी हमी मी देत नाही, आणि एवढ्या रकमेसाठी कोर्टाची पायरी चढा असेही म्हणणार नाही. तरीही बिल पाठवाच, कारण आपल्या कामावर किंमत लिहून ते समोरच्याच्या हाती देण्याची सवय तुम्हाला अजून लागलेली नाही.

‘नवीन आहे, तर थोडे फुकट करावेच लागेल ना’ या तुमच्या वाक्याचाच फायदा त्या दोन्ही पार्ट्यांनी घेतला. शाळेत पहिल्या दिवशी तुम्ही नवीनच होता. तरी पहिल्या महिन्याचा पगार शाळेने दिलाच ना? नमुना मागण्यात गैर काही नाही, कारण अनोळखी माणसाला काम देणाऱ्यालाही शंका असतात. प्रश्न मापाचा आहे. दोनशे ते तीनशे शब्दांत अनुवादकाची पारख होते. वाक्यरचना, परिभाषा, शुद्धलेखन सगळे तेवढ्यात दिसते. त्याहून मोठा नमुना हवा असेल, तर तो पैसे देऊन करवून घ्यावा, आणि रीतीने वागणाऱ्या संस्था तसे करतातही. जो मजकूर समोरच्याला सरळ छापता किंवा विकता येईल, त्याला त्याने काहीही नाव दिले तरी ते काम आहे. गावच्या वाचनालयासाठी किंवा मैत्रिणीच्या संस्थेसाठी काही विनामूल्य करावेसे वाटले तर आनंदाने करा. तिथे तुम्ही स्वतः देत असता.

स्वतःचे नमुने आधीच तयार ठेवले, तर निम्मे प्रश्न उद्भवतच नाहीत. आरोग्य, शेती, शालेय शिक्षण अशा तीन विषयांवरचे अडीचशे शब्दांचे उतारे निवडा, डावीकडे मूळ आणि उजवीकडे अनुवाद अशी पाने करा, प्रत्येक पानावर तुमचे नाव असू द्या आणि त्याची पीडीएफ ठेवा. पुढच्या वेळी कोणी आठ पाने मागितली, की उत्तर असे द्या: “आपण पाठवलेल्या मजकुरातील पहिल्या 250 शब्दांचा अनुवाद मी चाचणी म्हणून विनामूल्य करून देईन. माझ्या इतर कामाचे नमुने सोबत जोडले आहेत. संपूर्ण आठ पानांसाठी शब्दामागे माझा दर पुढीलप्रमाणे आहे. आपला होकार व कार्यादेश ईमेलने आल्यावर काम सुरू करीन.” हे वाचून जो गप्प होईल, तो आठ पाने घेऊनही गप्पच होणार होता. कबूल करणाऱ्याचीही थोडी चौकशी करावी. एजन्सीने जीएसटी क्रमांक दिला असेल, तर तो जीएसटीच्या पोर्टलवर टाकून पाहावा. तो 15 अक्षर-अंकांचा असतो आणि महाराष्ट्रातल्या नोंदणीचा 27 ने सुरू होतो. त्यावर निघणारे नाव आणि ईमेलमधले नाव जुळत नसेल, तर विचारावे. पहिल्याच मोठ्या कामाचा काही हिस्सा आगाऊ घ्यावा आणि उरलेले काम टप्प्याटप्प्याने, आधीच्या टप्प्याचे पैसे आल्यावर द्यावे. पैसे ‘घेण्यासाठी’ यूपीआयचा पिन टाका असे कोणी सांगितले, तर तिथेच थांबावे. पैसे स्वीकारायला पिन लागत नाही.

जमल्यास कामे सुरू होण्यापूर्वीच उद्यम नोंदणी, म्हणजे लहान व्यवसायाची सरकारदरबारी होणारी नोंदणी, करून घ्या. आधार आणि पॅनवर ती सरकारी पोर्टलवर पूर्णपणे विनामूल्य होते (त्या पोर्टलसारखीच दिसणारी आणि शुल्क उकळणारी खासगी संकेतस्थळेही आहेत, तेवढे सांभाळा). 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार अशा नोंदणीधारकाचे पैसे लेखी ठरलेल्या मुदतीत, आणि ती मुदत कितीही ठरली तरी 45 दिवसांच्या आत द्यावे लागतात. लेखी काही ठरलेच नसेल, तर काम स्वीकारल्यापासून 15 दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाल्यास व्याज लागू होते. बिलाच्या तळाशी उद्यम क्रमांक छापलेला असला, की पैसे अडवून धरणारे लेखा विभाग जरा लवकर हलतात.

राहिली पुण्याची चाचणी. तुमच्या पतींची शंका टायपिंगच्या कामापुरती रास्त आहे, पण तिच्यापायी ही संधी घालवू नका. त्यांनी 250 शब्दच मागितले आहेत आणि उतारा सलग आहे, ही चांगली खूण आहे. छापील पुस्तकांवर जीएसटी नसल्यामुळे लहान प्रकाशकाकडे तो क्रमांक नसेलही, म्हणून दुसरा मार्ग धरा. सांगली-मिरजेच्या एखाद्या ग्रंथालयात त्यांची पुस्तके पाहा, अनुवादकाचे नाव मुखपृष्ठावर येते की आतल्या पानावर बारीक अक्षरांत, ते बघा आणि त्यांतल्या एखाद्या अनुवादकाला शोधून व्यवहार कसा होता ते विचारा. या क्षेत्रातली माणसे अशा प्रश्नांना मोकळेपणाने उत्तरे देतात. चाचणी पाठवतानाच्या ईमेलमध्ये शब्दामागे दर, पैसे देण्याची मुदत, मानधन एकरकमी की आवृत्तीगणिक आणि तुमचे नाव कुठे छापणार, एवढे विचारून ठेवा.

— तुमची ताई