कॅन्सरच्या पेशी आजूबाजूच्या भागात शिरताना स्वभाव कसा बदलतात, आणि ते थांबवणारं औषध आहे का?

औषधाचं शेवटी बोलते. पहिल्या भागावर मात्र मला बरंच बोलायचंय, कारण यावरून माझं एकदा चांगलंच भांडण झालंय.

मी हिस्टोपॅथॉलॉजी लॅबमध्ये, म्हणजे शरीरातून काढलेले तुकडे तपासतात त्या लॅबमध्ये टेक्निशियन आहे, बारा वर्षं मेणात बसवलेले ते तुकडे (ब्लॉक) कापतेय आणि स्टेन करतेय, म्हणजे रंग देतेय. काही वर्षांपूर्वी मोठ्या आतड्याच्या कॅन्सरची एक केस होती आणि आमच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडमना त्यांच्या अभ्यासासाठी ई-कॅडहेरिनचा स्टेन हवा होता. ई-कॅडहेरिन म्हणजे अस्तराच्या पेशी एकमेकींना ज्याने धरून असतात ते प्रोटीन, स्टेन लागला की प्रत्येक पेशीभोवती ब्राऊन रेघ दिसते. स्लाइड झाली, बघितली तर गाठीच्या मध्ये रेघा एकदम ठसठशीत आणि जिथे गाठ स्नायूत घुसत होती तिथे मात्र फिक्कं. पेशीही तिथे सुट्या सुट्या, कुठे एकटी, कुठे दोघी-तिघी.

आमचे सीनियर म्हणाले स्टेन बिघडलाय, कडेला नेहमी बिघडतो, परत कर. मी परत केला. तेच. तिसऱ्यांदा अँटीबॉडी (ई-कॅडहेरिनला जाऊन चिकटणारं, स्टेनमधलं प्रोटीन) नवीन काढून केला, तेच. मी म्हटलं सर, कडेला बिघडतो तो सेक्शनच्या, म्हणजे स्लाइडवरच्या पातळ कापाच्या, कडेला, तिथे सुकतं म्हणून, ही गाठीची कड आहे आणि ती सेक्शनच्या बरोब्बर मध्ये येते, शिवाय त्याच स्लाइडवर नॉर्मल आतड्याचा तुकडा आहे आणि त्याच्या क्रिप्ट (अस्तरातल्या ग्रंथी) मस्त ब्राऊन आल्यात, मग माझा स्टेन बिघडला कसा? त्यांनी त्याच पेशंटच्या लिम्फ नोडची (लसिका ग्रंथीची) स्लाइड मागवली. त्यात कॅन्सर पोचलेला होता आणि तिथल्या पेशींभोवती ब्राऊन रेघ पूर्ण. झालं, "बघ, इथे नीट आलाय म्हणजे तिथे तुझंच चुकलंय." रजिस्टरमध्ये माझ्या नावापुढे तीनदा फॉल्टी स्टेनिंग लिहिलं गेलं.

आता तुमचं उत्तर याच दोन स्लाइडमध्ये आहे. गाठीच्या कडेच्या पेशींना आजूबाजूच्या फायब्रोब्लास्टकडून (आधार देणारे धागे बनवणाऱ्या पेशींकडून), सूज आणणाऱ्या पेशींकडून टीजीएफ-बीटासारखे सिग्नल मिळतात, त्यातून पेशीच्या आत स्नेल, ट्विस्ट, झेब१ अशी प्रोटीनं वाढतात आणि ती ई-कॅडहेरिनचा जीन दाबून टाकतात. दाबतात, मोडत नाहीत, हे लक्षात ठेवा. मग पेशी शेजारणीपासून सुटते, वर-खाली ही दिशा विसरते, लांबट होते, व्हायमेंटिन (फिरत्या पेशींमध्ये असणारं प्रोटीन) बनवायला लागते, एमएमपी नावाची एन्झाइम सोडून वाटेतलं कोलॅजन, म्हणजे पेशींभोवतीचं धाग्यांसारखं प्रोटीन, कापते आणि सरकते. याला ईएमटी (एपिथेलियल-मेसेन्कायमल ट्रान्झिशन, म्हणजे अस्तराच्या पेशीचं सुट्या, फिरत्या पेशीत रूपांतर) म्हणतात. हे कॅन्सरने शोधून काढलेलं नाही, गर्भात अवयव घडताना पेशी अशाच सुटून दुसरीकडे जातात, जखम भरतानाही थोडंफार हेच होतं. १९८२ मध्ये ग्रीनबर्ग आणि एलिझाबेथ हे (Hay) या शास्त्रज्ञांनी अस्तराच्या साध्या, कॅन्सर नसलेल्या पेशी कोलॅजनच्या जेलमध्ये ठेवल्या तर त्या सुटून फिरायला लागल्या. म्हणून "नवीन म्युटेशन झालं की पसरतो" एवढंच जे सांगतात ते अर्धवट सांगतात.

आणि जीन नुसता दाबलेला असतो म्हणून तो परत सुटूही शकतो. पेशी नव्या जागी पोचली, तिथे कडेचे सिग्नल नाहीत, की ती परत चिकटून ग्रंथी बांधायला लागते. लिम्फ नोडमध्ये ब्राऊन होतं ते यामुळे! माझी चूक पकडायला जी स्लाइड काढली ती माझ्याच बाजूने बोलत होती आणि तेव्हा मला ते मांडता आलं नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

नंतर मॅडमनी केराटिनचा, म्हणजे अस्तराच्या पेशींमध्येच असणाऱ्या प्रोटीनचा, स्टेन करायला सांगितला. त्या फिक्क्या जागेतल्या एकेक सुट्या पेशी ब्राऊन झाल्या, म्हणजे पेशी तिथे होत्या, कॅन्सरच्याच होत्या, फक्त ई-कॅडहेरिन नव्हतं. याला ट्यूमर बडिंग म्हणतात, कडेला एकटी पेशी किंवा ४ पर्यंत पेशींचा पुंजका, आणि २०१६ पासून ते मोजायची एकच ठरलेली पद्धत आहे, ०.७८५ चौरस मिमी भागात किती दिसतात ते. जास्त असतील तर आजार पसरण्याचा धोका जास्त. रजिस्टर मात्र कोणी दुरुस्त केलं नाही.

औषधाचं म्हणाल तर पेशींचा हा बदलच रोखणारं असं औषध आज रोजच्या उपचारात नाही. एमएमपी अडवणारी औषधं १९९० च्या दशकात पेशंटवर तपासली होती, खूप आशा होती पण फायदा झाला नाही, उलट सांधे आणि स्नायू दुखण्याचा त्रास झाला. ई-कॅडहेरिन परत आणणं हेही सरळ नाही, कारण आधीच बाहेर पडलेल्या पेशींना बस्तान बसवायला तेच उपयोगी पडू शकतं.

हो, आणि प्रत्येक कॅन्सर असाच शिरतो असं नाही. बऱ्याच वेळा पेशी एकमेकींना धरून घोळक्यानेच घुसतात, बऱ्याच अर्ध्याच बदललेल्या असतात, आणि २०१५ मध्ये उंदरांवरच्या दोन अभ्यासांत तर दूर पसरायला ईएमटी लागतच नाही असं निघालं, त्यावर अजून वाद चालू आहे. मी डॉक्टर नाही, तुमच्या हातात कोणाचा रिपोर्ट असेल तर बडिंगबद्दल त्यांच्या डॉक्टरांनाच विचारा.

पण तुम्ही लॅबमध्ये असाल आणि कडेला स्टेन फिक्का आला, तर ज्युनियरला परत कर म्हणण्याआधी त्याच स्लाइडवरची नॉर्मल क्रिप्ट बघा. ती ब्राऊन असेल तर रजिस्टरमध्ये त्याच्या नावापुढे काही लिहू नका.