‘डेमो आवडला, पुढच्या तिमाहीत बघू’

प्रश्न : आम्ही तीन अभियंत्यांनी दोन वर्षांपूर्वी सायबर सुरक्षेची कंपनी सुरू केली. एखाद्या संस्थेच्या क्लाउड खात्यांमध्ये कोणाकोणाला गरजेपेक्षा जास्त परवानग्या दिल्या गेल्या आहेत, हे आमचे सॉफ्टवेअर शोधून देते. पैसे देणारे ग्राहक दोनच आहेत आणि दोन्ही जुन्या ओळखीतले. गेल्या सहा महिन्यांत १४ ठिकाणी डेमो दिले. सर्वांनी कौतुक केले आणि बहुतेकांनी ‘पुढच्या तिमाहीत बघू’ म्हणून निरोप दिला. अनुभवी विक्रीप्रमुख नेमल्याने हे कोडे सुटेल का?

उत्तर : सुटणार नाही, आणि वर एक मोठा पगार सुरू होईल. विक्रीची घडी एकदा बसली की विक्रीप्रमुख ती दहा ठिकाणी नेऊ शकतो. मुळात ती बसवावी लागते कंपनी काढणाऱ्यांनाच. तुमचे दोन ग्राहक तुमच्या ओळखीखातर आले. अनोळखी माणूस हे सॉफ्टवेअर कशासाठी घेईल, हे तुम्हालाही अजून ठाऊक नाही. पूर्वओळख नसलेले आठ-दहा ग्राहक मिळेपर्यंत तुमच्यापैकी एकाने विक्री हेच पूर्णवेळ काम मानावे. हा आकडा अर्थात माझ्या अंदाजाचा आहे.

आता त्या निरोपाविषयी. अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखवले होते की, गाडीतला दोष विकणाऱ्याला माहीत आणि घेणाऱ्याला अदृश्य असेल, तर घेणारा चांगल्या गाडीलाही पुरती किंमत देत नाही आणि चांगल्या गाड्या हळूहळू बाजारातून निघून जातात. सुरक्षेच्या बाजाराची गत याहून बिकट आहे, कारण उत्तम सॉफ्टवेअर आणि कुचकामी सॉफ्टवेअर ही दोन्ही हल्ला होत नाही तोवर सारखीच दिसतात. त्यात बाहेरून घेतलेले सॉफ्टवेअर स्वतःच धोका ठरू शकते. संगणकजाळ्यांवर देखरेख ठेवणारे सॉफ्टवेअर बनवणाऱ्या सोलरविंड्स कंपनीच्या, २०२० मध्ये उघडकीस आलेल्या प्रकरणात हल्लेखोरांनी घुसडलेला कोड नेहमीच्या अपडेटमधूनच सुमारे १८,००० ग्राहकांपर्यंत पोहोचला होता. जुलै २०२४ मध्ये क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले. नामांकित कंपन्यांच्या बाबतीत असे घडू शकते, तर तिघांच्या कंपनीसाठी स्वतःची खुर्ची पणाला का लावावी, हा प्रश्न समोरच्याच्या मनात असतो. तोंडावर मात्र तो तिमाहीचे कारण सांगतो.

म्हणून त्याला स्वतः पडताळून पाहता येईल असे काहीतरी हातात द्यावे लागते. माझ्या एका जुन्या डेमोत मी मोठ्या अभिमानाने ४,००० इशाऱ्यांची लालभडक यादी पडद्यावर आणली होती. कोपऱ्यात बसलेल्या, तोवर एक शब्दही न बोललेल्या अभियंतीने विचारले, “सोमवारी सकाळी यातला पहिला कोणता उघडू?” मला उत्तर देता आले नाही. तो सौदा तिथेच संपला आणि ते योग्यच झाले. त्यानंतर आम्ही यादी पाच ओळींवर आणली : कोणते खाते, कोणती परवानगी, ती किती दिवस वापरलेली नाही, आणि काढून घेतली तर काय बंद पडेल. हा शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा. परवानगी काढण्याची भीती ती तशीच ठेवण्याच्या भीतीपेक्षा नेहमी मोठी असते.

डेमोनंतर पायलट, म्हणजे ग्राहकाकडे मर्यादित काळाचा चाचणी वापर, मागा, पण मोकळा सोडू नका. मुदत तीन आठवडे ठेवा, प्रवेश फक्त वाचण्यापुरता घ्या, आणि सुरुवातीआधीच तीन गोष्टी लेखी ठरवा : काय सापडले तर पायलट यशस्वी मानायचा, सही कोणाची लागेल, आणि पैसे कोणत्या खर्चातून येतील. तिसऱ्या प्रश्नावर समोरचा घुटमळला, तर तुम्ही ज्याच्याशी बोलत आहात त्याच्या हाती निर्णय नाही, एवढे त्याच दिवशी कळते. पायलटसाठी थोडे का होईना पैसे घ्यावेत. फुकटचा पायलट रेंगाळतो. शेवटी एक पानी अहवाल असा लिहा की, सुरक्षाप्रमुखाला तो काहीही न बदलता वित्तप्रमुखासमोर ठेवता येईल.

प्रश्न : एका मोठ्या ग्राहकाने सुरक्षेविषयी जवळजवळ २५० प्रश्नांची यादी पाठवली असून सॉक टू अहवालही (कंपनीची सुरक्षा नियंत्रणे तपासून स्वतंत्र लेखापरीक्षकाने दिलेला अहवाल) मागितला आहे. आमच्याकडे तो नाही. माघार घ्यावी का?

उत्तर : घेऊ नका. २०१३ मध्ये टार्गेट या अमेरिकी दुकानसाखळीच्या जाळ्यात चोर शिरले, ते तिच्या शीतकरणाची कामे करणाऱ्या एका कंत्राटदाराची लॉगिन माहिती चोरून, आणि सुमारे ४ कोटी कार्डांची माहिती गेली. पुरवठादाराच्या दारातून चोर येतो हे मोठ्या कंपन्या तेव्हापासून विसरलेल्या नाहीत. तुमच्या हातातली यादी त्याच धास्तीतून आली आहे. सॉक टू अहवालाचे दोन प्रकार असतात : पहिला एका विशिष्ट तारखेची स्थिती सांगतो, तर दुसरा काही महिन्यांच्या कालावधीत नियंत्रणे खरोखर चालली का ते तपासतो. पहिल्याचे काम आजच सुरू करा आणि दोन्हींच्या अपेक्षित तारखा ग्राहकाला लेखी कळवा. यादीत मात्र एकही ‘होय’ खोटे लिहू नका, कारण ही उत्तरे पुष्कळदा करारालाच जोडली जातात. दिलेली उत्तरे जपून ठेवा. पुढच्या यादीत निम्मे प्रश्न तेच निघतील.

प्रश्न : मोठ्या हल्ल्याची बातमी आली की त्याच दिवशी संभाव्य ग्राहकांना ईमेल पाठवावेत, असे आमचे सल्लागार म्हणतात. ते योग्य आहे का?

उत्तर : डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफॉरजे या, असंख्य सॉफ्टवेअरमध्ये वापरल्या जाणाऱ्या तयार कोडच्या लायब्ररीतली त्रुटी जाहीर झाली, तेव्हा ती आपल्या कोणकोणत्या सॉफ्टवेअरमध्ये दडली आहे हे शोधण्यात सुरक्षा विभागांच्या रात्री गेल्या. अशा वेळी ‘तुम्ही सुरक्षित आहात का?’ असा ईमेल पाठवणारा माणूस लक्षात राहतो, पण नको त्या कारणासाठी. पाठवायचेच असेल, तर त्रुटी शोधण्याची चालवून पाहिलेली आज्ञावली पाठवा, तुमचे सॉफ्टवेअर त्या त्रुटीबाबत काय करू शकत नाही तेही लिहा, आणि भेटीची वेळ मागण्यासाठी दोन आठवडे थांबा.