हार्ड डिस्क टकटक करतेय? मग हे मोबाइलवर वाचा, लॅपटॉप आधी बंद करा

गेले दोन महिने येणाऱ्या प्रश्नांत एक वाक्य इतक्यांदा वाचलं की आता ते पाठ झालंय: ‘आवाज येत होता, पण चालू होती, म्हणून वापरत राहिलो.’ बहुतेक पत्रांची सुरुवात ‘सर’ अशी असते. मी ताई आहे, जळगावात १९ वर्षं दुरुस्तीच्या टेबलावर बसते. ‘सर’बद्दल माझी तक्रार नाही. तक्रार त्या ‘वापरत राहिलो’बद्दल आहे.

हार्ड डिस्क साधारण किती वर्षं टिकते? — दुकानदार, शहादा

कोणी सांगू शकत नाही. म्हणून पहिल्या दिवसापासूनच एकमेव प्रत तिच्यावर ठेवू नका.

माझा पीएचडीचा प्रबंध लॅपटॉपमध्ये आहे. तीन दिवसांपासून टक टक आवाज येतो, विंडोज कधी सुरू होते, कधी नाही. दहा-बारा वेळा चालू करून पाहिलं. एक मित्र म्हणतो डिस्क रात्रभर फ्रीजरमध्ये ठेव, दुसरा म्हणतो चेक डिस्क चालव. काय करू? — संशोधक विद्यार्थिनी, अमळनेर

तेराव्यांदा चालू करू नका. बाकी सगळं नंतर.

आत काय चाललंय ते समजून घ्या, म्हणजे मित्रांना उत्तर देता येईल. डिस्कमध्ये आरशासारख्या गुळगुळीत चकत्या असतात. लॅपटॉपमधल्या बहुतेक डिस्कमध्ये त्या मिनिटाला ५४०० फेरे घेतात, म्हणजे सेकंदाला ९०. वाचणारं हेड चकतीला टेकत नाही, हवेच्या थरावर तरंगतं, आणि मधलं अंतर असतं अवघं काही नॅनोमीटर. आपला केस साधारण ८०,००० नॅनोमीटर जाड असतो. हेडला चकतीवरच्या खुणा सापडल्या नाहीत की त्याचा दांडा मागे जातो आणि पुन्हा पहिल्यापासून शोधायला लागतो. तुम्हाला ऐकू येतो तो हा आवाज. म्हणजे टकटक करणाऱ्या डिस्कचं हेड बहुतेक वेळा दुखावलेलं असतं. तसं हेड चकतीला घासायला लागलं तर ज्या थरात तुमचा प्रबंध आहे तोच थर खरवडून निघतो, आणि त्याची पूड आतल्या आत उडून उरलेली चकतीही खराब करते. खरवडलेल्या जागेवरचा डेटा जगातली कुठलीच प्रयोगशाळा परत आणत नाही. ‘एकदा चालू होते का बघू’ म्हणून तुम्ही दहा मिनिटं थांबलात, तेवढ्यात चकतीचे ५४,००० फेरे झाले. तीन दिवसांचा हिशोब तुम्हीच करा.

फ्रीजरचं म्हणाल, तर जुन्या काळच्या एखाद्या डिस्कनं गारठल्यावर थोडा वेळ श्वास घेतल्याच्या गोष्टी आहेत. त्या सांगणारे पुढचं सांगत नाहीत. फ्रीजमधून काढलेल्या बाटलीला बाहेर घाम फुटतो ना? तोच घाम चकतीवर फुटतो. डिस्क हवाबंद नसते. तिच्या अंगावर एक बारीक छिद्र असतं आणि शेजारी ते झाकू नका असं छापलेलं असतं.

चेक डिस्क हा डेटा वाचवणारा प्रोग्रामच नाही. फाइलींच्या नोंदींचा हिशोब जुळवणं हे त्याचं काम. जुळत नसेल तर तो नोंदी खोडून जुळवतो, आणि त्यासाठी आजारी डिस्क तासन्‌तास पळवतो. ताप आलेल्या माणसाला पळायला लावून त्याचा ताप मोजण्यातला हा प्रकार.

डिस्क टकटक करत नसेल, नुसती रखडत असेल, तर वेगळी वाट असते. लिनक्सवर डीडीरेस्क्यू नावाचं मोफत साधन आहे. ते आधी सहज वाचता येणारा भाग दुसऱ्या डिस्कवर उतरवतं, अडणारा भाग शेवटी ठेवतं, आणि कुठवर आलो याची नोंद ठेवतं, त्यामुळे मध्येच थांबवलं तरी पुन्हा तिथून पुढं जाता येतं. त्यानंतरचं सगळं काम त्या प्रतीवर करायचं, मूळ डिस्कला हात लावायचा नाही. पण तुमची डिस्क टकटक करतेय, म्हणजे तुमच्यासाठी हेही नाही. तिचं हेड बहुधा बदलावं लागेल आणि ते स्वच्छ खोलीतच होतं. ‘क्लास १००’ खोली म्हणजे एका घनफूट हवेत अर्धा मायक्रॉन किंवा त्याहून मोठे कण शंभराच्या आत. माझ्या दुकानात मे महिन्यात पंखा फुल असतो आणि रस्त्यावरून काळ्या मातीची धूळ आत येते. त्या धुळीचा एक कण हेडखालच्या फटीच्या शेकडो पट मोठा असतो. म्हणून अशी डिस्क मी उघडत नाही, मुंबई-पुण्याच्या प्रयोगशाळेत पाठवते. डिस्क कुणाकडे द्यायची ते ठरवण्याआधी ती प्रत्यक्ष कुणा जाणत्याला दाखवा; पत्रावरून निदान होत नाही.

दरम्यान शांतपणे बसून शोधा: गाइडना पाठवलेली प्रकरणं मेलच्या ‘सेंट’मध्ये असतील, टायपिंग करून देणाऱ्याकडे एखादी फाइल पडलेली असेल, वनड्राइव्ह, म्हणजे विंडोजची ऑनलाइन साठवण, नकळत चालू असेल तर डॉक्युमेंट्स फोल्डर तिथं असेल. माझ्याकडे रडत आलेल्या कितीतरी विद्यार्थ्यांचा प्रबंध शेवटी गाइडच्या मेलमध्ये सापडलाय.

लॅपटॉपवर चहा सांडला. तांदळाच्या डब्यात ठेवू का? — सावदा

तांदूळ खिचडीला ठेवा. चार्जर काढा, लॅपटॉप बंद करा, चालू करून न बघता त्याच दिवशी दुरुस्तीला न्या.

जिनिंगचा सगळा टॅली डेटा एका लॅपटॉपवर होता. डिस्क दिसेनाशी झाली. एकानं ‘शंभर टक्के गॅरंटी’ म्हणून आगाऊ रक्कम घेतली. आठ दिवसांनी म्हणतो, डिस्क उघडली, चकती खराब आहे, आता दुप्पट लागतील. — हिशोबनीस, जळगाव जिल्हा

उघडण्याआधी जो शंभर टक्के म्हणतो, त्यानं डिस्क पाहिलेलीच नसते. आत चरा पडलाय की नाही हे कळायच्या आधी गॅरंटी द्यायची कशावर?

त्याला तीन प्रश्न लेखी विचारा. डिस्क कुणी उघडली, कुठं उघडली आणि उघडण्याआधी तुमची परवानगी का घेतली नाही. दुकानातच झाकण काढलं असेल तर ते कळणं फार महत्त्वाचं आहे, कारण पुढं जिथं न्याल तिथं काम अवघड होतं. काही ठिकाणी अशी डिस्क घेतच नाहीत. मग तुमची मूळ डिस्क परत मागा. डेटा निघो न निघो, डिस्क तुमची आहे. घेताना वरच्या लेबलवरचा सीरियल नंबर तुमच्या पावतीशी जुळवून घ्या. पावतीवर नंबरच नसेल, तर पुढच्या वेळी नंबर लिहून घेतल्याशिवाय डिस्क सोडू नका.

‘डेटा नाही तर पैसे नाहीत’ ही पाटी ऐकायला छान. पण डेटा म्हणजे काय, हे आधी ठरवून घ्या. नावं गेलेल्या हजारो फाइली पेनड्राइव्हवर ओतून ‘घ्या डेटा’ म्हणणारे आहेत. पैसे देण्याआधी फाइलींची यादी बघा, आणि तुमच्या बाबतीत टॅलीत कंपनी उघडून, गेल्या वर्षाचा ताळेबंद समोर आल्यावरच रक्कम द्या. प्रकरण चिघळलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर बोला आणि रक्कम मोठी असेल तर वकिलाशीही.

आणि हो, सीएंना आजच फोन करा. वर्षअखेरीस त्यांनी बॅकअप घेतलेला असण्याची शक्यता बरीच असते. जीएसटीची भरलेली विवरणपत्रं पोर्टलवर आहेत, बँकेचा उतारा बँकेत आहे. अडत्याच्या चिठ्ठ्या तेवढ्या शोधाव्या लागतील. टॅलीत बॅकअपची सोय आधीपासून आहे हे मी आता सांगणार नाही, तुम्ही चिडाल.

लग्नाच्या शूटिंगची बाहेरची हार्ड डिस्क टेबलावरून पडली. लाइट लागते, पण लॅपटॉपला दिसत नाही. तसल्याच दुसऱ्या डिस्कची सर्किटची प्लेट काढून लावली तर चालेल, असं व्हिडिओत पाहिलं. — फोटोग्राफर, धुळे

चालणार नाही. प्रत्येक डिस्कची स्वतःची जुळवणी असते आणि ती बहुतेक त्या प्लेटवरच्या छोट्या चिपमध्ये साठवलेली असते. दुसऱ्याची प्लेट लावली तर डिस्क स्वतःलाच ओळखत नाही. चिप इकडून तिकडं नेऊन लावणं हे तंत्रज्ञाचं काम आहे, आणि तेही प्लेट जळाली असेल तरच कामाचं. तुमची डिस्क तर पडलीय, दुखणं प्लेटमध्ये नाहीच. शिवाय बाहेरच्या बऱ्याच डिस्कवर यूएसबीचा सॉकेट थेट प्लेटवरच असतो आणि काहींत डेटा त्याच प्लेटवरून गुप्त केलेला असतो. म्हणून खोलून आतली डिस्क काढायच्या फंदात पडू नका.

मागच्या हंगामात धुळ्याहूनच एक भाऊ आले होते, पिशवी टेबलावर ठेवली आणि म्हणाले, ‘ताई, मना बठ्ठा डेटा गया.’ पिशवीत डिस्क, डिस्कचं झाकण आणि सहा स्क्रू, सगळं वेगवेगळं. मी रागावले नाही. पहिल्या वर्षी मीही एका गिऱ्हाइकाची डिस्क ‘फक्त बघायला’ उघडली होती, झाकण परत लावलं, आणि ती दोन मिनिटं चालून कायमची गेली. त्या गिऱ्हाइकाला तेव्हा मी खरं सांगितलं नाही. आता सांगते सगळ्यांना.

डिस्क मऊ गादीत नीट गुंडाळा, खळखळ हलणार नाही अशी बांधा, आणि कुरिअरपेक्षा कुणी माणूस मुंबईला जात असेल तर त्याच्या हाती द्या. नवरा-नवरीकडच्यांनाही आजच सांगा. त्यांना आधी दिलेले निवडक फोटो त्यांच्या मोबाइलमध्ये असतील. कॅमेऱ्याची कार्डं अजून फॉरमॅट केली नसतील तर त्यांना हात लावू नका.

शाळेच्या लॅपटॉपवर मुलानं नवी विंडोज मारली. सी ड्राइव्हवर निकालपत्रकं होती. एक सॉफ्टवेअर टाकून फाइली काढतोय, निम्म्या उघडत नाहीत. — शिक्षक, भुसावळ

ते सॉफ्टवेअर तुम्ही त्याच सी ड्राइव्हवर टाकलंत ना? तेच झालं. पुसलेली फाइल लगेच नाहीशी होत नाही, तिची जागा ‘रिकामी’ म्हणून मोकळी होते, आणि तुम्ही टाकलेलं सॉफ्टवेअर नेमकं तिथं जाऊन बसतं. आता थांबा.

विंडोज मारताना फॉरमॅट केलं नसेल, तर सी ड्राइव्हवर ‘विंडोज डॉट ओल्ड’ नावाचं फोल्डर बघा, जुनं बरंचसं त्यात असतं. पण विंडोज ते साधारण १० दिवसांनी आपणहून काढून टाकते. मात्र बघायचं असेल तर ड्राइव्ह काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडून बघा.

लॅपटॉपमध्ये हार्ड डिस्क नसून एसएसडी, म्हणजे चकत्यांऐवजी चिपवर डेटा साठवणारी ड्राइव्ह, असेल तर गोष्ट वेगळी. एसएसडीला ट्रिम नावाची आज्ञा जाते आणि मोकळ्या झालेल्या जागा ती स्वतःच साफ करते. तिथं पुसलेलं परत मिळणं बहुतेक वेळा अशक्य. एसएसडी आवाजही करत नाही, बऱ्याचदा इशारा न देता एका सकाळी दिसेनाशी होते. ‘एसएसडीला काही होत नाही’ हे विकणाऱ्याचं वाक्य आहे, दुरुस्त करणाऱ्याचं नाही. कुठली आहे ते तंत्रज्ञाला विचारा, मगच पुढं.

मदरबोर्ड बदलल्यावर स्क्रीनवर बिटलॉकरची की मागतेय. दुकानदार म्हणतो डिस्क फॉरमॅटच करावी लागेल. — नंदुरबार

थांबवा त्याला. डिस्क बहुतेक धडधाकट आहे, फक्त बिटलॉकरचं, म्हणजे विंडोजनं डेटाला लावलेलं, कुलूप लागलंय. ती ४८ अंकी की, म्हणजे किल्ली, बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात पडलेली असते. मोबाइलवरून त्या खात्यात शिरा आणि डिव्हाइसमध्ये शोधा. ज्या मेलनं लॅपटॉप पहिल्यांदा चालू केला तोच मेल हवा. तो दुकानदारानं बनवला असेल तर त्यालाच विचारा. लॅपटॉप ऑफिसचा असेल तर ऑफिसच्या आयटीकडं की असेल. ती कुठंच सापडली नाही, तर मात्र कुठली प्रयोगशाळा काही करू शकत नाही.

आमच्याकडे ४५ अंश तापमान असतं. उन्हानं डिस्क जाते का? — चाळीसगाव

बहुतेक हार्ड डिस्क आतल्या ६० अंशांपर्यंत चालायला बनवलेल्या असतात, पण खोलीच ४५ असेल आणि लॅपटॉप गादीवर, पंख्याची जाळी धुळीनं बुजलेली, तर साठी गाठायला वेळ लागत नाही. त्याहून वाईट सवय मला रोज दिसते: बॅटरी मेलेला लॅपटॉप थेट चार्जरवर चालवणं. लाइट गेली की लिहिता लिहिता डिस्क झटक्यात बंद. लाइटचं आपल्याकडे काय ते तुम्हाला सांगायला नको. बॅटरी बदला. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं मोफत साधन तापमान दाखवतं. त्यात ‘कॉशन’ म्हणजे सावधानतेचा इशारा दिसला तर आधी प्रत काढा, मग लॅपटॉप दुरुस्तीला.

सगळं गूगल ड्राइव्हवर आहे. म्हणजे बॅकअप झाला ना? — चोपडा

इकडं पुसलं की तिकडंही पुसलं जातं आणि कचरापेटीत ते ३० दिवसच राहतं. घरात एक वेगळी डिस्कही ठेवा, आणि प्रत काढून झाली की तिची वायर काढा.

वॉरंटीत कंपनी नवी डिस्क देणार म्हणते. जुन्यातला डेटा? — पारोळा

वॉरंटी डिस्कची असते, डेटाची नाही. जुनी डिस्क ते ठेवून घेतात, म्हणून डेटा हवा असेल तर देण्याआधी प्रयोगशाळेशी बोला, आणि सील तुटल्यास वॉरंटी जाते का हेही विचारून घ्या.

बंद पडलेली जुनी डिस्क भंगारात देऊ का? — रावेर

डेटा नको असेल तरी तशी देऊ नका. डिस्क ‘बंद’ असली तरी चकतीवर तुमचं आधार, पासबुक, सगळं जसंच्या तसं असतं. चकतीला भोकं पाडून मग द्या. पण लॅपटॉपच्या डिस्कमधली चकती बहुतेक वेळा काचेची असते, हातोडा मारला की फुटून उडते. चष्मा लावा, जाड फडक्यात गुंडाळा, आणि लेकरांना लांब ठेवा. जमत नसेल तर माझ्याकडे आणून टाका, ड्रिल आहे.