हेवी मेटल संगीतातला गिटारिस्ट 'ग्रेट' कशामुळे ठरतो? फक्त वेगामुळे?

नाही. वेग सरावाने येतो, आणि यूट्यूबवर वेगवान पोरं आज ढिगाने सापडतात. माझ्या मते खरा कस लागतो तो रिफमध्ये, म्हणजे गाण्यात पुन्हा पुन्हा येणाऱ्या छोट्या गिटार-तुकड्यात.

ब्लॅक सॅबथ बँडचा गिटारिस्ट टोनी आयोमी घ्या. बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात, वयाच्या १७व्या वर्षी, त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं मशीनमध्ये तुटली. तो डावखुरा, म्हणजे नेमका तारा दाबायचा हात. त्याने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, वर चामडं चिकटवलं. नेहमीच्या तारा झेपेनात म्हणून बॅन्जोच्या पातळ तारा चढवल्या. पुढे १९७१च्या अल्बममधल्या काही गाण्यांसाठी गिटार तीन अर्धस्वर खाली उतरवली. तारा सैल झाल्या, बोटांना आराम मिळाला आणि आवाज प्रचंड जड झाला. तोच जडपणा पुढे कितीतरी बँडनी उचलला.

दुसरी गोष्ट म्हणजे पिक (तारा छेडायची छोटी चकती) धरणारा हात, ज्याच्याकडे सोलोवेडे, म्हणजे गिटारच्या एकट्याच्या तुकड्यावर फिदा असलेले लोक ढुंकूनही बघत नाहीत. मेटालिका बँडचा जेम्स हेटफील्ड जलद रिफसुद्धा सलग वरून खाली मारलेल्या फटक्यांनी वाजवतो, म्हणून प्रत्येक सूर सारखाच ठोस लागतो. करून बघा, मनगट भरून येतं. शिवाय डिस्टॉर्शनमध्ये (गिटारच्या मुद्दाम फाटवलेल्या आवाजात) न वाजवलेली तारही गुणगुणते. ती तळहाताने दाबून गप्प ठेवणं हे अर्धं कौशल्य.

सोलो? एकच सूर ताणून त्यावर सुरेल व्हायब्रेटो (सुराचं कंपन) देता येतो का, तेवढं ऐका. तिथे बनाव चालत नाही.