वाचक विचारतात : एअर फ्रायरमध्ये डुकराच्या फासळ्या

गेल्या अंकात बार्बेक्यू फासळ्यांची चार ओळींची कृती दिली होती. मसाला चोळा, १६० अंशांवर शिजवा, सॉस लावा आणि १९० अंशांवर लाल करा, एवढीच. चार ओळींत जे मावलं नाही त्याबद्दल पत्रं आली, आणि बहुतेक नागपूर-अमरावती शहरांबाहेरून आली. त्यातली निवडक खाली देत आहोत.

प्रश्न : पोरानं पुण्याहून एअर फ्रायर आणून देल्लं. तुमी सांगतलं तशाच फासळ्या केल्या. वरून करपल्या अन् आतून चामड्यावानी चिवट. काय चुकून राह्यलं? (दर्यापूर तालुका)

फासळ्या उघड्या टाकल्या असणार, आणि सॉस सुरुवातीलाच लावला असणार.

फासळीच्या मांसात चिवट तंतूंचं जाळं असतं. मांस ७० अंशांच्या आसपास पोचलं की ते हळूहळू विरघळायला लागतं, आणि खरा मऊपणा आतलं तापमान ९० ते ९५ अंशांवर गेल्यावर, तिथे काही वेळ टिकल्यावर येतो. म्हणजे मांस ‘शिजणं’ आणि ‘नरम होणं’ या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. डुकराचं मांस ६३ अंशांवर खाण्यायोग्य शिजतं, पण त्या टप्प्यावर फासळी दाताने ओढावी लागते. एअर फ्रायर म्हणजे वर कॉइल आणि तिच्यामागे जोरात फिरणारा पंखा. ती कोरडी गरम हवा आतला भाग नरम व्हायच्या आधीच बाहेरचं पाणी खेचून घेते. म्हणून पहिला टप्पा झाकूनच करायचा.

१ किलो फासळ्या तीन-तीन हाडांच्या तुकड्यांत कापा. २ छोटे चमचे मीठ, १ मोठा चमचा तिखट, १ छोटा चमचा मिरेपूड, १ छोटा चमचा भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि १ मोठा चमचा आलं-लसूण वाटण चोळून निदान २ तास फ्रीजमध्ये ठेवा. मग बटर पेपरमध्ये गुंडाळून वरून फॉइल लावा. पुडीत २ मोठे चमचे पाणी घाला आणि कडा घट्ट दुमडा. फार्मवरच्या डुकराला १६० अंशांवर ४५ ते ५० मिनिटं पुरतात. गावरान काळ्या डुकराला सव्वा तासही लागतो, कारण ते सावकाश वाढतं आणि कापताना वयाने मोठं असतं. पुडीने बास्केटचा तळ पूर्ण झाकू नका, बाजूने हवा फिरायला बोटभर जागा हवी. ४ लिटरच्या यंत्रात एका वेळी ६००-७०० ग्रॅमच बसतात. एकावर एक रचल्या तर मधली थप्पी कच्चीच राहील.

झालं की नाही ते हाडावरून कळतं. टोकाशी मांस अर्धा-पाऊण सेंटिमीटर मागे सरून हाड उघडं दिसतं, आणि दोन हाडांमध्ये टोचलेली सुई अडखळत नाही. उचलताच हाड गळून पडत असेल तर मांस जास्त शिजलं. अमेरिकेतल्या बार्बेक्यू स्पर्धांतही असं मांस कमी गुणांचं समजतात. चावल्यावर दातांची खूण राहावी, पण हाड स्वच्छ निघावं.

आता पुडी उघडा, आतला रस सॉसमध्ये ओता, फासळ्या उघड्या ठेवून १९० अंशांवर ५ मिनिटं कोरड्या करा. मग सॉसचा पातळ हात, ३ मिनिटं, पुन्हा हात, पुन्हा ३ मिनिटं. सॉसमध्ये (कृती पुढे काटोलच्या प्रश्नात आहे) गूळ असतो आणि तो या तापमानाला फार लवकर काळा पडतो. शेवटच्या ३ मिनिटांत यंत्र सोडून जाऊ नका.

आमचं स्पष्ट मत विचाराल, तर घरात प्रेशर कुकर असताना पहिला टप्पा यंत्रात करण्याचं कारण नाही. कुकरमध्ये १ वाटी पाणी, फासळ्या उभ्या रचून, मोठ्या आचेवर एक शिट्टी आणि मग मंद आचेवर १५ मिनिटं. गावरानला २५. वाफ आपोआप जाऊ द्या. घाईने शिट्टी उचलली तर रस उकळून बाहेर पडतो आणि मांस कोरडं होतं. काढल्यावर १५ मिनिटं पंख्याखाली सुकवा, कारण ओल्या फासळीवर सॉस चिकटत नाही, खाली गळतो. पाण्याबरोबर थोडा मसाला निघून गेलेला असतो, तेव्हा चिमूटभर मीठ-तिखट पुन्हा चोळा. यंत्राचं काम उरतं फक्त शेवटच्या १०-१२ मिनिटांचं, आणि ते काम त्याला खरोखर चांगलं येतं.

प्रश्न : आमच्या आठवडी बाजारात डुकराचं मटण बोटी करूनच मिळतं. अख्खी फासळी कशी मागायची? (ब्रह्मपुरी तालुका)

बाजाराच्या आदल्या दिवशी सांगून ठेवा. कापून ढीग लागल्यावर फासळी शोधून उपयोग नाही. सांगताना एवढंच सांगा की बोटी नको, एका बाजूची फासळी सलग हवी, कातडी काढून. पाठीच्या कण्याजवळची फासळी आखूड, वाकडी आणि कमी चरबीची असते, ती लवकर नरम होते. पोटाकडची लांब, चपटी आणि जास्त चरबीची. तिला १०-१५ मिनिटं जास्त लागतात, पण चव तिचीच जास्त. वर चरबीचा जाड थर असेल तर अर्ध्या सेंटिमीटरपर्यंत तासून घ्या. वजनातला बराच भाग हाडांचा असतो, तेव्हा १ किलोत तीन माणसं जेवतील असा हिशेब धरा.

हाडांच्या आतल्या बाजूला एक पांढरा, चकाकणारा पापुद्रा असतो. तो काढायलाच हवा, नाहीतर मसाला आत शिरत नाही आणि खाताना प्लास्टिक चावल्यासारखं वाटतं. मधल्या हाडावर चमच्याचा दांडा त्याच्याखाली सरकवा, बोट जाईल एवढा उचला आणि कोरड्या कापडाने पकडून एका दमात ओढा. हाताने धरला तर निसटतो. गावरान डुकराचा पापुद्रा बऱ्याचदा तुकड्या-तुकड्यांनी निघतो. तसा निघाला तरी चालेल.

मोकाट फिरणाऱ्या डुकराच्या बाबतीत एक गोष्ट डोळ्यांनी तपासा. मांसात साबुदाण्याएवढ्या पांढरट, पाणी भरलेल्या गाठी दिसल्या तर ते मांस घेऊच नका, आणि घरी आल्यावर दिसल्या तर शिजवण्याच्या भानगडीत न पडता टाकून द्या. त्या फीतकृमीच्या अळ्या असतात. पूर्ण शिजवल्यावर त्या मरतात, पण मांस अर्धवट राहिलं तर आतड्यात कृमी वाढतो. त्या कृमीची अंडी माणसाच्या विष्ठेतून हातांवर, पाण्यात, भाजीवर जातात, आणि ती पोटात गेली की मेंदूत गाठी होऊन फिट येऊ शकते. म्हणून कच्चं मांस हाताळल्यावर साबणाने हात धुणं हवंच, पण शौचानंतर हात धुणं आणि सांबार (कोथिंबीर) आणि पालक नीट धुऊन वापरणं त्याहून मोलाचं आहे.

प्रश्न : रानडुकरं आमची तूर आणि कपाशी उद्ध्वस्त करतात. त्यांच्याच फासळ्या वापरल्या तर? (यवतमाळ जिल्हा)

नको. राग समजतो, पण रानडुकराची विनापरवाना शिकार करणं आणि त्याचं मांस जवळ बाळगणं हा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ खाली गुन्हा आहे. मांस कुणी ‘भेट’ दिलं तरी तुम्ही सुटत नाही. पिकाचं नुकसान झालं असेल तर वन विभागाकडे भरपाईचा अर्ज करा. अर्ज लगेच करा आणि पंचनामा होईपर्यंत तुडवलेलं शेत तसंच राहू द्या.

प्रश्न : १५०० वॅटचं यंत्र आहे. संध्याकाळी लावलं की दिलेल्या वेळात काहीच शिजत नाही, सकाळी शिजतं. यंत्र बिघडलं का? (आर्वी तालुका)

यंत्र ठीक असावं, व्होल्टेज पडतो आहे. कॉइलची उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. २३० व्होल्टला १५०० वॅट देणारी कॉइल १८० व्होल्टला ९०० वॅटच्या जरा वर देते. दिसताना व्होल्टेज पाचव्या हिश्शाने कमी झालेला दिसतो, पण उष्णता चाळीस टक्क्यांनी जाते. पंखाही मंदावतो. एप्रिल-मेमध्ये गावभर कूलर सुरू झाले की हे रोजचंच. तेव्हा अशा यंत्राचं काम दुपारी बाराच्या आत उरका, किंवा कुकरचा टप्पा आधी करून संध्याकाळी फक्त लाल करा.

फ्रीजचा छोटा स्टॅबिलायझर याला लावू नका, तो जळेल. १५०० वॅटला निदान २ केव्हीएचा लागतो. घरातल्या पंखे-दिव्यांच्या इन्व्हर्टरवर तर हे यंत्र चालतच नाही. प्लगही बघा. यंत्र साडेसहा अँपिअर ओढतं, म्हणून १६ अँपिअरचा मोठा पॉवर प्लग आणि अर्थिंग पाहिजे. दिव्याच्या बोर्डावरचा ६ अँपिअरचा सॉकेट तापतो, आधी जळकट वास येतो आणि मग प्लास्टिक वितळतं. एक्स्टेंशन बोर्ड तर मुळीच नको.

मध्येच लाइन गेली तर ड्रॉवर उघडू नका, आतली उष्णता दहा-पंधरा मिनिटं धरून राहते. त्याहून उशीर होणार असेल तर फासळ्या पुडीतून काढून कुकरमध्ये घाला. गोल बटणाच्या यंत्रांत आणखी एक गंमत आहे. त्यांचा टायमर चावीचा असतो, लाइन नसतानाही तो टिकटिक करत पुढे सरकतो आणि वेळ झाल्यावर घंटी वाजवतो. घंटी वाजली म्हणून शिजलं असं धरू नका. लाइन किती वेळ नव्हती ते घड्याळात बघून तेवढा वेळ वाढवा.

प्रश्न : बाटलीतला बार्बेक्यू सॉस तालुक्याच्या ठिकाणीही मिळत नाही. घरी होईल का? आणि धुराची चव? (काटोल तालुका)

होतो, आणि बाटलीतल्यापेक्षा बरा होतो. अमेरिकेत कॅन्सस सिटीकडचा सॉस टोमॅटो आणि मळीच्या गोडव्यावर उभा असतो. ते काम आपल्याकडे गूळ छान करतो.

१ किलो फासळ्यांसाठी १ मोठा चमचा फल्ली (शेंगदाणा) तेलात १ छोटा कांदा आणि ८-१० लसणाच्या पाकळ्या परता. ४ मध्यम टोमॅटो, ६० ग्रॅम गूळ, २ मोठे चमचे चिंचेचा कोळ, १ छोटा चमचा भिवापुरी तिखट, अर्धा चमचा मिरेपूड आणि अर्धा चमचा मीठ घालून मंद आचेवर २० मिनिटं आटवा, वाटून गाळा. चमच्याच्या पाठीवर बोटाने रेघ ओढली आणि ती मिटली नाही की सॉस तयार. भिवापुरी मिरची जहाल असते, एक चमचा पुरे. रंग कमी वाटला तर रंगाची दुसरी मिरची घाला, तिखट वाढवू नका.

काटोलकरांच्या घरी संत्री असणारच, त्यांचा अर्धी वाटी रस घाला. पण बिया काढून, सर्वांत शेवटी, आणि उकळायचा फक्त ३-४ मिनिटं. नागपुरी संत्र्याचा रस जास्त वेळ तापला किंवा काढून तसाच ठेवला की कडू होतो. सुरुवातीलाच टोमॅटोबरोबर घातला तर अख्खा सॉस कडू होईल आणि गूळ कितीही ओतला तरी सुधारणार नाही.

धुराची चव यंत्र देत नाही. मूळ पद्धतीत हिकरीसारख्या लाकडाच्या धुरात ११०-१२० अंशांवर पाच-सहा तास फासळ्या ठेवतात. आपल्याकडे बाभळीच्या कोळशाची धुरी द्या. लाल झालेल्या फासळ्या पातेल्यात घेऊन मधोमध वाटी, वाटीत निखारा, त्यावर अर्धा चमचा तूप, आणि लगेच झाकण. ५ मिनिटं पुरेत, जास्त ठेवलं तर काजळीची चव येते. हे पातेल्यातच करायचं. निखारा यंत्रात कधीही ठेवू नका.

प्रश्न : शेवटच्या टप्प्यात पांढरा धूर निघून घर भरतं. (तुमसर तालुका)

खाली गळलेली चरबी तापते आहे. बास्केटखालच्या ड्रॉवरमध्ये ३ मोठे चमचे पाणी घाला. पहिल्या टप्प्याची चरबी ओतून टाकली का तेही बघा. तरीही धूर येत असेल तर यंत्र थंड करून उलटं धरा आणि वरची कॉइल बघा. तिच्यावर जुनी चरबी चिकटलेली असते, ती ओल्या कापडाने पुसा. धूर काळा असेल तर मात्र प्लग काढा, मग बाकी विचार.

प्रश्न : सासूबाईंना डुक्कर चालत नाही, आणि त्याच यंत्रात त्यांचे पापड भाजतो. काय करावं? (हिंगणघाट तालुका)

बास्केट धुऊन निघते, पण पंखा चरबीचे बारीक कण वर कॉइलवर उडवतो, तिथला वास धुऊनही राहतो. चालत नसेल त्यांना हे न सांगता खाऊ घालणं बरोबर नाही. सोपा मार्ग म्हणजे बोकडाची छाती आणा. सॉस तोच, मसाला तोच. कुकरमध्ये मंद आचेवर २० ते २५ मिनिटं, जून बोकड असेल तर ३५. चरबी कमी असल्यामुळे यंत्रात घालण्याआधी तेलाचा हात लावा, आणि शेवटचा टप्पा १८० अंशांवरच आटपा.

प्रश्न : नागपूरहून फासळ्या आणल्या तर उन्हाळ्यात दोन तासांच्या प्रवासात टिकतील का? उरलेल्या कशा गरम करायच्या? (पांढरकवडा तालुका)

बाहेर ३२ अंशांच्या वर असलं की कच्चं मांस एका तासाहून जास्त उघडं ठेवू नये, आणि तुमच्याकडे मे महिन्यात तर ४५ असतं. थर्माकोलच्या डब्यात खाली-वर बर्फ, मांस घट्ट बांधलेल्या पिशवीत, आणि डबा एसटीच्या टपावर न ठेवता पायाशी. गोठवलेलं पाकीट घेतलं तर ते स्वतःच बर्फाचं काम करतं. घरी आल्यावर ते रात्रभर फ्रीजच्या खालच्या खणात सुटू द्या, ओट्यावर नको.

शिजवलेल्या फासळ्या फ्रीजमध्ये तीन दिवस राहतात. गरम करताना थोडं पाणी शिंपडा, फॉइलमध्ये गुंडाळून १६० अंशांवर ८ मिनिटं, मग फॉइल काढून २ मिनिटं. मध्ये रात्रभर लाइन नव्हती आणि फ्रीज कोमट झाला असेल तर त्या टाकून द्या.