ईमेलची यादी आधी पाखडा, मग निवडा

तुमची अडचण अशी दिसते: चादर-टॉवेलच्या दुकानातली गिऱ्हाइकांची जुनी यादी, एकाच रकान्यात नाव-फोन-ईमेल कोंबलेलं, आणि नेटवरून उचललेला रेजेक्स (मजकूर ठरावीक साच्यात बसतो का ते तपासणारं सूत्र) चांगल्या पत्त्यांनाही चुकीचं ठरवतोय.

तो रेजेक्स काढून टाका. शेवटच्या टिंबानंतर 2 ते 4च अक्षरं हवीत, अशी अट त्यात असणार. डॉट इन्फो त्यात बसतं, डॉट ऑनलाइन बसत नाही. इथे सोलापुरात पूर्व भागातल्या एका कारखानदाराच्या यादीवर मीही हीच अट लावली होती. नेमकं त्यांचं मोठं गिऱ्हाईक गळालं. बोलणी खाल्ली, दुसरं काय!

तपासण्याआधी साफसफाई. एक्सेलचं ट्रिम साधी स्पेस काढतं, पण वेबपेजवरून चिकटून आलेली 160 क्रमांकाची स्पेस तशीच राहते; ती सब्स्टिट्यूटने घालवा. मराठी कीबोर्डवरून न दिसणारे जोडचिन्हही घुसतात, तेही पुसा. मग टायपिंगच्या खोड्या. टिंबाच्या शेजारीच स्वल्पविराम, त्यामुळे 'जीमेल स्वल्पविराम कॉम' हमखास सापडतं. हे आधी दुरुस्त करा, नाहीतर स्वल्पविरामावर रकाना फोडलात की पत्त्याचेच दोन तुकडे होतील. फोडायचं मात्र नक्की, कारण गूगल शीट्समधलं रेजेक्सएक्स्ट्रॅक्ट हे सूत्र एका खान्यातला पहिलाच पत्ता उचलतं.

आता चाळण ढोबळच ठेवा: एकच @, दोन्ही बाजूंना काहीतरी, उजवीकडे निदान एक टिंब, मध्ये स्पेस नाही. लांबीची मर्यादा (@च्या आधी 64, एकूण 254) तुमच्या यादीत कोणी ओलांडणार नाही. एक गोष्ट मात्र कामाची आहे. जीमेलच्या नावात अंडरस्कोअर चालत नाही, म्हणजे तसा पत्ता दिसला की कोणीतरी चुकीचा उतरवलाय.

दुबार काढताना सगळं लहान लिपीत (इंग्रजी स्मॉल अक्षरांत) करून घ्या. जीमेल नावातली टिंबं मोजत नाही, पण ती सवलत दुसऱ्या डोमेनना (@नंतरच्या नावांना) देऊ नका.

उरलेल्यांच्या डोमेनला एमएक्स नोंद (त्या डोमेनची मेल कुठल्या सर्व्हरवर जाते ते सांगणारी) आहे का ते बघा. ती असली तरी त्या नावाची पेटी आहे हे सिद्ध होत नाही. ते मेल पाठवल्यावरच कळतं. म्हणून थोडे थोडे पाठवा. एकदम ढीगभर परत आले तर तुमचाच पत्ता स्पॅममध्ये जायचा.

शंकास्पद ओळी पुसू नका, वेगळ्या शीटमध्ये ठेवा. फोन नंबर त्याच रकान्यात आहेत ना? दुपारी गिऱ्हाईक नसताना दुकानातल्या पोराला लावायला सांगा.