हेडसेटचा एक कान गेला आणि सपोर्टने दोन्ही कानांवर हात ठेवले, आता काय करावं?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: चार महिन्यांचा वायरचा गेमिंग हेडसेट, डावा कान मधूनच बंद पडतो. सपोर्टला तीन मेल केले, तिन्हींना उत्तर एकच, "ड्रायव्हर (हेडसेटशी बोलणारं कॉम्प्युटरमधलं सॉफ्टवेअर) पुन्हा इन्स्टॉल करून बघा", आणि मग तिकीट, म्हणजे तक्रारीची नोंद, परस्पर बंद. आता पुढे काय, की सरळ उघडून स्वतःच दुरुस्त करावा?

उघडू नका. निदान अजून तरी नाही. त्याबद्दल शेवटी सांगते.

माझ्याही हेडसेटचं नेमकं हेच झालं होतं. मान डावीकडे वळवली की डावा कान गप्प. गेममध्ये त्या बाजूने कोणी आलं तर पावलं ऐकूच यायची नाहीत, आणि मी मेले की बाकीची टीम खिदळायची. मी कंपनीला लिहिलं, "हेडसेट नीट चालत नाही, कृपया मदत करा." तिथेच माझं चुकलं, पण हे कळायला सहा आठवडे गेले. दर मेलखाली नवीन माणसाचं नाव, दर वेळी "आपल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत", आणि सीरियल नंबर तर चार वेळा मागितला. तो छापलेला होता डाव्या पॅडच्या आत, घामाने अर्धवट पुसलेल्या स्टिकरवर. चौथ्या वेळेपर्यंत मला तो पाठ झाला होता.

सपोर्टमधल्या पहिल्या फळीचं काम काय असतं ते एकदा लक्षात घेतलं की चिडचिड थोडी कमी होते. तुम्हाला उत्तर देणारा माणूस पुष्कळदा कंपनीचा नसतोच, बाहेरून कंत्राटावर घेतलेला असतो. तुमचा हेडसेट त्याने हातात धरलेला नसतो. त्याच्यासमोर एक ठरलेली यादी असते: दुसरा पोर्ट, दुसरं डिव्हाइस, ड्रायव्हर, रीसेट, बिल, सीरियल नंबर. यादी संपल्याशिवाय त्याला तुमचं प्रकरण वर पाठवता येत नाही, आणि त्याचं काम मोजतात ते किती तिकिटं बंद केली यावर. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच, फक्त त्या बिचाऱ्यालाही उंटावर दुसऱ्या कोणीतरी बसवलेलं असतं. म्हणून भांडून उपयोग नाही. त्याची यादी तुम्ही स्वतः, एकाच मेलमध्ये, संपवून द्यायची.

आधी दोष हेडसेटचाच आहे याची स्वतःची खात्री करा. हेडसेट पूर्ण वेगळ्या डिव्हाइसला लावा, म्हणजे कॉम्प्युटरवर वापरत असाल तर फोनला किंवा कन्सोलला. दुसऱ्या पोर्टवर भागवू नका. तिथेही डावा कान जात असेल तर ड्रायव्हरचा मुद्दा निकालात निघाला. मग उलट करा: त्याच कॉम्प्युटरला दुसरा कुठलाही चालू हेडफोन लावा. तो व्यवस्थित वाजला की कॉम्प्युटरही सुटला. उरला तो तुमचा हेडसेट. या दोन चाचण्यांना दहा मिनिटं लागतात.

मग वायर. एका हाताने जॅकजवळ, नंतर कपात, म्हणजे कानावर बसणाऱ्या भागात, शिरते तिथे, ती हळूच वाकवत जा. वायर बहुतेक वेळा या दोनच जागी तुटते, कारण रोजचा सगळा ताण तिथे येतो. आवाज जिथे तुटक होतो ती जागा पकडा. आणखी एक गंमत सांगते. आवाज येतोय, पण पोकळ, मधली माणसांची बोलणी गायब आणि आजूबाजूचे आवाज मात्र शाबूत, असं झालं तर बहुधा ग्राउंडची, म्हणजे दोन्ही स्पीकरची सामाईक, तार गेलेली असते. मग दोन्ही स्पीकर एकामागे एक जोडल्यासारखे होतात आणि डाव्या-उजव्या आवाजातला फक्त फरक ऐकू येतो. दोन्हीकडे सारखं असतं ते, म्हणजे मुख्यतः संवाद, आपोआप वजा होतं. हे मेलमध्ये लिहिलंत की पलीकडच्याला कळतं, या माणसाने थोडा अभ्यास केलाय.

आता जरा सपोर्टची बाजू. काही तक्रारी खरंच दोषाच्या नसतात. ब्लूटूथ हेडसेटचा माइक चालू केला की आवाज पुष्कळदा जुन्या टेलिफोनसारखा होतो, कारण जोडणी हँड्स-फ्री मोडमध्ये, म्हणजे फोनवर बोलण्यासाठीच्या कमी दर्जाच्या आवाजावर, जाते. हा बिघाड नाही, बदलून आणलात तरी तेच होईल. २.४ गिगाहर्ट्झवर चालणाऱ्या वायरलेस हेडसेटचा डोंगल (कॉम्प्युटरला लावायचा छोटा रिसीव्हर) यूएसबी ३ च्या पोर्टला, शेजारी हार्ड डिस्क लावून, खुपसला असेल तर आवाज तुटू शकतो. यूएसबी ३ चा गोंगाट याच पट्ट्यात पसरतो, हे इंटेलने २०१२ मध्येच लिहून ठेवलंय. छोटी एक्स्टेंशन वायर घेऊन डोंगल लांब ठेवला की पुष्कळदा प्रश्न मिटतो. आणि ३.५ मिमीच्या चार पट्ट्यांच्या जॅकमध्ये माइक आणि ग्राउंड यांची जागा ठरवणारी दोन मानकं आहेत, सीटीआयए आणि ओएमटीपी. चुकीचा स्प्लिटर (माइक आणि आवाज वेगळे करणारी जोडवायर) लावला तर धडधाकट माइकही मुका होतो. तुमची तक्रार यातली नाही, पण हे वाचणाऱ्या दुसऱ्या कोणाची असेल.

मी शेवटी जो मेल पाठवला तो साधारण असा होता:

"मॉडेल अमुक, सीरियल नंबर अमुक, खरेदी अमुक तारखेची, बिल आणि स्टिकरचा फोटो सोबत. दोष: डाव्या कपाजवळ वायर वाकवली की डावा आवाज बंद, सरळ केली की सुरू. कॉम्प्युटर आणि फोन, दोन्हींवर तसंच. त्याच कॉम्प्युटरवर दुसरा हेडफोन नीट चालतो. ड्रायव्हर पुन्हा टाकून झाला, फरक नाही. ३० सेकंदांचा व्हिडिओ जोडला आहे. दोष पहिल्यांदा अमुक तारखेला, तिकीट क्रमांक अमुकवर कळवला होता. वॉरंटीत बदली हवी आहे. नाकारणार असाल तर कारण लेखी द्या."

नमस्कार-चमत्कार नाही, राग नाही, "मी तुमचा जुना ग्राहक" वगैरे तर अजिबात नाही. शेवटचं वाक्य सगळ्यात कामाचं. "ड्रायव्हर टाकून बघा" हे फुकटात लिहिता येतं. "आम्ही वॉरंटी नाकारतो, कारण..." हे लिहायला वरच्या माणसाची सही लागते.

व्हिडिओ काढताना हेडसेटचा डावा कप फोनच्या माइकला चिकटवून ठेवा आणि दुसऱ्या हाताने वायर वाकवा, म्हणजे आवाज जाताना ऐकू येतो. माझ्या पहिल्या व्हिडिओत फक्त वायर वाकवणारी मी दिसत होते, आवाजाचा पत्ता नव्हता.

हे सगळं जुन्याच तिकिटावर पाठवा. नवीन उघडलंत की ये रे माझ्या मागल्या, पुन्हा पहिल्या प्रश्नापासून सुरुवात. बंद झालेलं तिकीट बहुतेक ठिकाणी त्याच मेलला उत्तर दिलं की उघडतं. शिवाय पहिल्या तक्रारीची तारीख त्यावर आहे. वॉरंटी संपत आली असेल तर ती तारीख सोन्यासारखी. चॅटवर बोललात तर खिडकी बंद करण्याआधी स्क्रीनशॉट घ्या, नंतर ते संभाषण मिळेलच असं नाही.

आठवडाभरात हललं नाही तर जिथून घेतलात त्या विक्रेत्याकडे वळा. आपण सगळे सरळ कंपनीच्या मागे लागतो, पण अनेक देशांत कायदा आधी विक्रेत्याला धरतो. कार्डने पैसे दिले असतील तर बँकेकडे व्यवहारावर आक्षेप नोंदवता येतो. त्याला मुदत असते, त्यामुळे "अजून एक मेल करून बघू" करत बसू नका.

मला दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. जुना हेडसेट परत नको, वायर कापून फोटो पाठवा, म्हणाले. ही पद्धत काही कंपन्यांत आहे, पण बदली मंजूर झाल्याचं लेखी हातात आल्याशिवाय कात्री उचलू नका. माझी बदली आली ती दुरुस्त करून पुन्हा विकायला काढलेली निघाली, पॅडच्या शिवणीत कुणाचा तरी एक केस अडकलेला. मी तो काढला आणि गप्प बसले, कारण आणखी एक मेल लिहायचं त्राण नव्हतं.

आता उघडण्याचं. वॉरंटी असताना स्क्रू फिरवलात तर त्यांना आयतं निमित्त मिळतं. लेखी नकार आला किंवा मुदत संपली, तर खुशाल उघडा. मी त्या कापलेल्या वायरवरच शिकले. आतल्या तारा केसाइतक्या बारीक आणि वर रंगीत इनॅमलचा थर. तो थर ब्लेडने खरवडल्याशिवाय किंवा सोल्डरिंग आयर्नच्या टोकावरच्या गरम थेंबात जाळल्याशिवाय सोल्डर धरतच नाही, नुसता गोळा होऊन घरंगळतो. रंगांवर विश्वास ठेवू नका, मल्टिमीटर लावून बघा: जॅकचं टोक म्हणजे डावा, त्यामागची पट्टी उजवा. आणि तारा जोडण्याआधी जोड झाकणारी रबरी नळी वायरवर सरकवून ठेवा. मी दोनदा विसरले.